नैरोबीत शिकवताना वस्तीतल्या मुलांसाठी सुट्टीतलं शिबिर: आखणी कशी करावी?

पार्कलँड्सचा_मास्तर

नमस्कार मंडळी. नैरोबीतल्या एका आंतरराष्ट्रीय शाळेत गणित शिकवतो. शाळेतले काही सहकारी आणि इथली दोन-तीन मराठी कुटुंबं मिळून कांगेमी किंवा माथारे या इथल्या गरीब वस्त्यांतल्या मुलांसाठी सुट्टीत दोन आठवड्यांचं मोफत शिबिर घ्यायचं घाटतंय. मुलं साधारण ६०, वय ९ ते १३. सकाळी इंग्रजी आणि गणित, मधे खेळ, मग जेवण, इतकंच सध्या ठरलंय. उत्साह भरपूर आहे, पण वस्तीत काम केलेलं आमच्यात कुणी नाही.

विचारायचं ते असं. शिबिर कोणत्या सुट्टीत घ्यावं? माझं वर्क परमिट शाळेच्या नावाचं आहे, त्यात हे बसतं का? इयत्तेप्रमाणे चार वर्ग करायचा विचार आहे, तो बरोबर आहे का? ६० मुलांचं जेवण रोज कसं जमवायचं? आणि जुलैत भारतातून परतताना वह्या, पेन्सिली, खाऊच्या पिशव्या असं सामान आणावं का?

"मनापासून करा, सगळं जमेल" छापाचे प्रतिसाद नसले तर बरं.

मुक्काम_एल्डोरेट

परवानगीचं आधी घेतो, कारण तिथे चुकलं तर बाकीचं सगळं वाया.

केनियाच्या २०१३ च्या बेसिक एज्युकेशन ॲक्टमध्ये, कलम ३७ खाली, सुट्टीतल्या शिकवणीला बंदी आहे. दंड एक लाख शिलिंगपर्यंत, कैद एक वर्षापर्यंत, किंवा दोन्ही. मोफत वाचन-खेळ शिबिर म्हणजे शिकवणी नव्हे हे खरं. पण शाळेच्या खोलीत, फळ्यासमोर, गणवेशातली मुलं बसलेली दिसली तर रस्त्यावरून जाणाऱ्या अधिकाऱ्याला तो फरक कसा कळावा? म्हणून फी शून्य, "ऐच्छिक वर्गणी" सुद्धा नाही. गणवेश नको, शाळेची पाठ्यपुस्तकं नकोत, पत्रकावर "ट्यूशन" किंवा "रिव्हिजन" हे शब्द नकोत. सब-काउंटीच्या (आपल्या तालुक्यासारख्या विभागाच्या) शिक्षण कार्यालयाला महिनाभर आधी पत्र द्या, सोबत रोजचं वेळापत्रक जोडा आणि पोच घेऊन ठेवा.

आता तुमचं परमिट. नोकरीचं ते 'डी' वर्गाचं असतं आणि त्यावर मालकाचं नाव असतं. त्या नावाबाहेरचं काम बिनपगारी आहे म्हणून आपोआप मोकळं होत नाही. धर्मादाय कामासाठी 'आय' हा निराळा वर्ग आहे. दोन आठवड्यांसाठी कुणी तो काढत नाही, पण इमिग्रेशनला लेखी विचारून लेखी उत्तर घ्यावं आणि शाळेचं ना-हरकत पत्रही घ्यावं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शिबिराचे आयोजक तुम्ही नसावंच. आयोजक वस्तीतली नोंदणीकृत सामाजिक संस्था, ज्याला तिथे सीबीओ म्हणतात ती, किंवा तिथली एखादी शाळा. वस्त्यांतल्या बऱ्याचशा शाळा खासगी, कमी फीच्या, सरकारी भाषेत 'एपीबेट' प्रकारातल्या असतात. जागा त्यांची, मुलांची नोंद त्यांची, पत्रं त्यांच्या लेटरहेडवर. तुम्ही मदतनीस. भारतातून फिरायला आलेला भाचा किंवा मेहुणा ईटीएवर (पाहुण्यांच्या ऑनलाइन प्रवास-परवान्यावर) आला असेल तर त्याला शिकवायला उभं करू नका.

शिवाय त्या भागाच्या चीफचं कार्यालय. चीफ हा तिथे सरकारी नोकर असतो, गावचा मानकरी नव्हे. मुलं जमवायची तर त्याला पत्र हवंच. यजमान संस्थेचा माणूस सोबत नेला की काम लवकर होतं.

सुट्ट्या तीन. एप्रिलची तिथल्या मोठ्या पावसाळ्यात (मार्च ते मे) सापडते, आणि वस्तीतल्या शाळांना पत्र्याचं छप्पर असतं, त्यांच्या भाषेत माबाती. पाऊस आला की शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही, वर्ग बंद. डिसेंबरात बरीच कुटुंबं नाताळासाठी गावी निघून जातात, पट निम्मा होतो. राहिला ऑगस्ट: साधारण तीन आठवडे सुट्टी, हवा कोरडी आणि थंड. तुमच्या शाळेची उन्हाळी सुट्टीही तेव्हाच असते आणि सगळे भारतात पळतात, त्यामुळे तिकिटं काढण्याआधी तारखा ठरवा. पहिले दोन आठवडे घ्या. तिसऱ्यात पालक गणवेश-फीच्या धावपळीत असतात.

एक अपवाद. केनियात सार्वत्रिक निवडणूक दर पाच वर्षांनी ऑगस्टच्या दुसऱ्या मंगळवारी होते. २०२२ ला ९ ऑगस्टला झाली, पुढची १० ऑगस्ट २०२७. त्या ऑगस्टात शिबिर नको. शाळा मतदान केंद्रं होतात आणि वस्त्यांतलं वातावरण निकालापर्यंत तापलेलं असतं.

पाटीपेन्सिल

इयत्तेप्रमाणे वर्ग अजिबात करू नका. सगळ्या धाग्यात ही एकच गोष्ट लक्षात ठेवलीत तरी चालेल.

पाचवीतल्या डझनभर मुलांत चार जण गोष्ट सफाईनं वाचतात, पाच जण शब्दाशब्दाला अडखळतात आणि तिघांना अक्षरंच पक्की नसतात. शिकवणारा मधल्यांकडे बघून शिकवतो, मग वरचे कंटाळतात आणि खालचे मान डोलावत बसतात. मुंबईच्या वस्त्यांतून १९९५ पासून काम करत आलेल्या 'प्रथम'नं यावर काढलेला मार्ग साधा आहे: इयत्ता विसरा, मूल आज जिथे आहे तिथून सुरू करा. त्यांची वाचन-गणिताची 'असर' चाचणी २००५ पासून भारतभर घेतली जाते. तीच कल्पना २००९ पासून 'उवेझो' या नावानं केनिया, टांझानिया, युगांडात गेली. म्हणजे नैरोबीत ही पद्धत तुम्ही नव्यानं नेत नाही आहात, तिथल्या शिक्षकांपैकी बऱ्याच जणांना ती माहीत असेल. त्यांना विचारा.

चाचणी शिबिराच्या आधीच्या शनिवारी घ्या, पहिल्या दिवशी नको. एका मुलाला ७-८ मिनिटं लागतात. चार तपासनीस असतील तर प्रत्येकी १५ मुलं, म्हणजे दोन तास. मूल आणि तपासनीस बाजूला बसतात, मागे रांग उभी नको, नाहीतर पुढच्याचं वाचन ऐकून मागचे पाठ म्हणतात.

वाचनाचं असं: चार सोप्या वाक्यांच्या उताऱ्यापासून सुरुवात. तीनपर्यंत चुका आणि वाचन वाक्यासारखं झालं, तर पुढे ८-१० वाक्यांची गोष्ट. उतारा अडला तर खाली शब्द: मुलानं पाच निवडायचे, चार बरोबर आले तर ते 'शब्द' पातळीवर. तेही नाही तर अक्षरं, पुन्हा पाचांत चार. गणित हातच्याच्या वजाबाकीपासून, दोन उदाहरणं. दोन्ही बरोबर तर तीन अंकी भागिले एक अंकी. चुकली तर १० ते ९९ ओळखणं, मग १ ते ९. कागदाचे दोन नमुने करा, अ आणि ब. सुरुवातीला एक, शेवटी दुसरा.

गट चार, प्रत्येकी १५. वाचनाचे गट आणि गणिताचे गट वेगळे, कारण वजाबाकी येणाऱ्या मुलाला वाचता येतंच असं नाही. मधल्या सुट्टीनंतर मुलं गट बदलतात. गटांना पातळीची नावं देऊ नका. सिंह, जिराफ, काहीही चालेल. १३ वर्षांचा मुलगा 'अक्षर गटा'त बसलाय हे वस्तीत संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं आणि तो दुसऱ्या दिवशी येत नाही. अशा मोठ्या मुलांना अक्षर गटातच मदतनीसाचं काम द्या, कार्डं वाटायचं, वेळ पाहायचं. शिकणं आपसूक होतं.

वाचनाची ७५ मिनिटं अशी: तक्ता मोठ्यानं वाचणं १०, अक्षर-कार्डांचा खेळ १५, बोट ठेवून गोष्ट वाचणं १५, गोष्टीवर गप्पा १०, लेखन १५. उरलेली १० मिनिटं इकडे-तिकडे जातातच. लेखनाला नव्या शिक्षकांचा हात आखडतो, "अजून वाचता येत नाही, लिहील काय" म्हणून. ज्या अक्षरांची ओळख झाली त्यांचेच शब्द जमिनीवर खडूनं लिहू द्या. खोडणं सोपं असतं, त्यामुळे चुकायची भीती कमी.

गणिताला काड्या. बाटलीची बुचं फुकट मिळतात पण त्यांचा गठ्ठा बांधता येत नाही, आणि दशक कळायला गठ्ठाच लागतो. खराट्याच्या काड्या १० सेंटिमीटरच्या कापून तीन मुलांत १०० अशा, म्हणजे एका गटाला ५००, आणि ६० रबरबँड. ५२ मधून २७ वजा केले की निम्मी मुलं ३५ लिहितात. पाचातून दोन गेले तीन, सातातून दोन गेले पाच. मोठ्यातून लहान काढायची ही सवय फळ्यावर समजावून जात नाही. पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या हातात द्या आणि सात सुट्या मागा. मूल स्वतः गठ्ठा सोडतं. दोन दिवस फक्त काड्या, तिसऱ्या दिवशी काड्या आणि शेजारी आकडे, मग नुसते आकडे. हा क्रम घाईनं ओलांडला तर पुन्हा ३५ येतात. जमिनीवर ३० सेंटिमीटरच्या चौकटींचा १० बाय १० चा तक्ता आखून ठेवा, तीन मीटर जागा लागते. उड्या मारत दहानं पुढे, एकानं मागे. खेळाच्या वेळातही मुलं त्यावरच असतात.

एक अपेक्षा मात्र आवरा. उत्तर प्रदेशात २०१३-१४ मध्ये 'प्रथम'नं याच पद्धतीची शिबिरं घेतली ती १० आणि २० दिवसांच्या तुकड्यांत, एकूण ५० दिवस. तुमच्या १० दिवसांत मूल साधारण एक पायरी वर जाईल, काही जाणारही नाहीत. देणगीदारांना "सगळी मुलं वाचायला लागली" असं सांगायची वेळ येऊ नये म्हणून हे आधीच बोलून ठेवा.

कामारीचा_काका

वरच्या प्रतिसादाला +१, पण भाषेचं राहिलं. मास्तर, तुम्ही "इंग्रजी" म्हणताय. अक्षर आणि शब्द गटाला किस्वाहिलीतून घ्या. पाच स्वर, जसं लिहिलं तसं वाचायचं, अवयव (शब्दाचे उच्चारी तुकडे) जवळपास सगळे मोकळे, म्हणजे स्वरानं संपणारे. स्पेलिंग लावत बसावं लागत नाही, बाराखडीसारखंच आहे: बा बे बी बो बू. 'मेझा', 'किटी', 'जिको' असे दोन अवयवी शब्द तिसऱ्या दिवशी वाचता येतात. इंग्रजीत त्याच मुलाला तीन महिने लागतील. क्रम असा ठेवा: आधी पाच स्वर, मग म, क, ट, ब, ल. जोडव्यंजनं (म्ब, न्ड, न्ज, शेवटी ती नाकातली ङ) दुसऱ्या आठवड्यात.

हमखास होणारा घोटाळा: ही मुलं इंग्रजी मुळाक्षरांची नावं पाठ म्हणत आलेली असतात. त्यामुळे पहिला स्वर दिसला की 'आ' ऐवजी 'ए', दुसरा दिसला की 'ए' ऐवजी 'ई'. 'मेझा'चं 'मीझे' होतं. पहिले दोन दिवस फक्त स्वरांच्या ध्वनींवर घालवा, अक्षरांची नावं तोंडातून काढू नका. स्वयंसेवकांनाही हे सांगा, विशेषतः आपल्या मराठी मंडळींना, त्यांच्या तोंडी 'ए फॉर ॲपल' बसलेलं असतं.

मोजणीही किस्वाहिलीत. ४७ म्हणजे 'चाळीस आणि सात' असंच म्हणतात, दशक-एकक तोंडात तयार.

पाटीपेन्सिल

काका, सरसकट नको. नैरोबीतल्या बऱ्याच मुलांची घरची बोली 'शेंग' (किस्वाहिली-इंग्रजीची मिसळ), आणि शाळेत पहिलीपासून इंग्रजीच कानावर. काहींना किस्वाहिलीपेक्षा इंग्रजी उतारा जास्त बरा वाचता येतो. शिवाय पालक इंग्रजीसाठीच पाठवतात. चौथीपासून सगळे विषय इंग्रजीत असतात, त्यांचं चूक नाही. म्हणून चाचणी दोन्ही भाषांत घ्यावी. उतारा पातळीच्या वरचे गट इंग्रजीतून, खालचे किस्वाहिलीतून, आणि खालच्या गटांनाही रोज १५ मिनिटं तोंडी इंग्रजी: सूचना, गाणी, दुकान-दुकान.

कामारीचा_काका

दोन्ही भाषांत चाचणी म्हणजे वेळ दुप्पट. पण ठीक, ते मान्य. मात्र खालच्या दोन गटांचा मुख्य शिक्षक स्थानिकच हवा, यावर तडजोड नको. आपले उच्चार मुलांना कळत नाहीत आणि ती तसं सांगतही नाहीत, नुसती 'येस टीचर' म्हणतात.

चुलीपाशी_सुमन

जेवणाचं मी घेते. ६० मुलं आणि १० मोठी, म्हणजे ७० ताटं धरते.

सकाळी उजी (पिठाची पातळ पेज), दुपारी गिथेरी (मका-राजम्याची उसळ). इतकंच करा, रोज तेच. पदार्थ बदलत बसलात की बाजारहाटातच दमाल. खिचडीचा मोह आवरा. मूग त्यांना ओळखीचे आहेत (न्देंगू म्हणतात), आठवड्यातून एकदा भात-न्देंगू चालेल, पण हळद-हिंगाच्या फोडणीचा वास बऱ्याच मुलांना नको वाटतो आणि ताटं तशीच परत येतात.

उजी: पीठ २ किलो (मका-नाचणीचं मिश्र), पाणी १६ लिटर, साखर १ किलो. पीठ आधी दोन-तीन लिटर गार पाण्यात कालवून मग उकळत्या पाण्यात ओतायचं, नाहीतर गुठळ्या. उकळी आल्यावर २० मिनिटं ढवळत शिजू द्यायची. मगात ओतल्यावर दहा मिनिटं थांबा, ती आतून बराच वेळ चटका देणारी असते. ही उजी टाळू नका. बरीच मुलं काही न खाता येतात आणि दहा वाजता त्यांचं लक्ष संपतं.

गिथेरी: वाळका मका १० किलो, राजमा ३ किलो, कांदे २ किलो, टोमॅटो अडीच किलो, तेल अर्धा लिटर, मीठ २०० ग्रॅम. आदल्या संध्याकाळी मका आणि राजमा वेगवेगळे भिजत घालायचे. भिजवलेलं पाणी टाकून द्या. राजमा पहिली १० मिनिटं खळखळून उकळायलाच हवा, मंद आचेवर अर्धाकच्चा राहिला तर मुलांना उलट्या होतात. नैरोबी १,७०० मीटरच्या आसपास उंचावर, तिथे पाणी ९४ अंशांच्या जवळपासच उकळतं, त्यामुळे पुण्या-मुंबईचे अंदाज चालणार नाहीत. भिजवलेलं असूनही कोळशावर तीन तास धरा. टोमॅटो आणि मीठ दाणे मऊ झाल्यावरच, आधी टाकलं की राजमा दडदडीत राहतो. ३० लिटरच्या दोन सुफुरिया (पातेली) लागतील. एकाच मोठ्या भांड्यात खालचं करपतं आणि वरचं कच्चं राहतं.

मका घेताना कंजूषपणा नको. बुरशी लागलेल्या मक्यातलं अफ्लाटॉक्सिन हे केनियात खरंखुरं संकट आहे: २००४ ला पूर्व भागात ३१७ जणांना बाधा होऊन १२५ दगावले. शिजवून ते विष जात नाही. पोतं उघडून मूठभर दाणे पांढऱ्या कागदावर पसरा. काळपट, हिरवट, सुरकुतलेले दाणे दिसले किंवा कुबट वास आला तर पोतं परत करा. निवडून उरलेले वापरायचा विचारही नको. साठवण जमिनीवर नाही, फळीवर.

स्वयंपाक वस्तीतल्या दोन बायकांकडे द्या, रोजाचे पैसे ठरवून. चूल वर्गापासून वाऱ्याच्या खालच्या बाजूला हवी. ऑगस्टच्या गारठ्यात कोळशाचा धूर खोलीत साचला की दमेकरी मुलं खोकायला लागतात.

पाणी: शाळेसाठी स्फिअरचा (आपत्तीतल्या मदतकार्याच्या जागतिक मापदंडांचा) मानक दर मुलामागे दिवसाला ३ लिटर, पिणं आणि हात धुणं मिळून. ते १८०, स्वयंपाक ६०, भांडी ६०. म्हणजे २० लिटरचे १५ जेरीकॅन. आदल्या दिवशी संध्याकाळी भरून ठेवा, नळाला पाणी रोज असेलच असं नाही. पिण्याच्या कॅनवर लाल चिकटपट्टी लावा आणि क्लोरीनचं द्रावण बाटलीवरच्या मापानंच घाला, अंदाजपंचे नको.

आणि संडास. मुलींना ३० मागे एक, मुलांना ६० मागे एक. वस्तीतले बरेच संडास पैसे देऊन वापरायचे असतात. त्या चालकाशी दहा दिवसांचा ठोक सौदा करा, नाहीतर मुलं पैशापायी जातच नाहीत. १२-१३ वर्षांच्या मुलींसाठी पॅडचं पाकीट एका स्थानिक ताईकडे असू द्या. ते कुणाकडे आहे हे मुलींना पहिल्या दिवशीच सांगा.

पार्कलँड्सचा_मास्तर

बापरे. सगळ्यांचे आभार, धागा वाचनखुणेत टाकला. इयत्तांचा बेत रद्द. कांगेमी आम्हाला जवळ पडतं, तिथल्या एका शाळेशी बोलणी सुरू करतो.

दोन शंका. स्वयंसेवक ११ जण तयार आहेत, पण त्यातले सहा "जमेल तसे, तीन-चार दिवस" येणार. आणि सामानाचं कुणी बोललं नाही.

मुक्काम_एल्डोरेट

त्या सहांना गट देऊ नका. गटावरची माणसं दहाही दिवस तीच हवीत: चार मुख्य, चार जोडीदार, दोन राखीव. मुलाला आज कोणता अवयव अडला हे उद्याच्या माणसाला माहीत नसेल तर रोज पहिला दिवस. तीन दिवसवाल्यांना हजेरीपट, वाढप, कार्डं कापणं, पाणी ही कामं द्या. ज्याला ते कमीपणाचं वाटतं तो शिबिराला न आलेला बरा.

मुख्य चौघांपैकी निदान दोघं वस्तीतले, बारावी झालेले तरुण चालतील (तिकडे फॉर्म फोर). त्यांना मातातूचं (तिथल्या खासगी मिनीबसचं) भाडं आणि जेवण द्या, मानधन जमलं तर उत्तम. आधी दोन पूर्ण दिवसांचं प्रशिक्षण. त्यात एक वाक्य स्पष्ट सांगायचं: छडी नाही, कान धरणं नाही, उभं करणं नाही. केनियात शाळेतली मारहाण कायद्यानं बंद आहे, पण सवय जायला वेळ लागतो. काही पालक तर स्वतःच छडी आणून देतात.

सगळ्यांकडून, मराठी कुटुंबांकडूनही, पोलिसांचं गुड कंडक्ट प्रमाणपत्र (गुन्ह्यांची नोंद नसल्याचा दाखला) घ्या. ओळखीचे आहेत म्हणून सूट नको. एकटा मोठा माणूस आणि एकटं मूल बंद खोलीत कधीच नाही. संडासाला मुलं जोडीनं. कुणा मुलाच्या बोलण्यात किंवा अंगावर काही खटकलं तर स्वतः चौकशी करत बसू नका: यजमान संस्थेचा ठरलेला माणूस, मग चिल्ड्रन्स ऑफिसर (मुलांसाठीचा सरकारी अधिकारी). मुलांसाठीची मोफत हेल्पलाइन ११६, तो आकडा भिंतीवर लावून ठेवा. फोटोंना पालकांची संमती लागते, ती लेखी घ्या, २०१९ चा डेटा संरक्षण कायदा आहे. फेसबुकवर मुलाचं नाव, शाळा आणि चेहरा एकत्र नको.

वेळेचा एक गंमतशीर घोळ होतो, तो टाळा. किस्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात, सकाळचे आठ म्हणजे 'सा म्बिली', दुसरा तास. तुम्ही तोंडी "साडेआठ"चं भाषांतर आकड्यानं केलंत तर पालक दुपारी अडीचला हजर. पत्रकावर 'सा म्बिली ना नुसु असुबुही' आणि शेजारी ८.३० असं दोन्ही छापा. एक वाजता मुलं घरी जायला हवीत, मोठ्या मुलींना पाणी भरायचं असतं, धाकट्यांना सांभाळायचं असतं.

धाकट्यांवरून आठवलं. तिसऱ्या दिवसापासून पाठीवर बाळ किंवा हाताला तीन वर्षांचं भावंड घेऊन मुली येतात. हाकललंत तर ती मुलगीही गेली. कोपऱ्यात चटई, बुचं, ठोकळे आणि एक तीन दिवसवाला स्वयंसेवक. १० जादा ताटं धरून ठेवा. मात्र शाळकरी वयाच्या नव्या मुलांना मधे घेऊ नका, नावं लिहून पुढच्या वेळी बोलवा. पट ६० चा ९० झाला की गट कोलमडतो.

वांजिरू_देशपांडे

सामान भारतातून आणू नका, विशेषतः पिशव्या. केनियात २८ ऑगस्ट २०१७ पासून प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे आणि दंड जबर. खाऊच्या चकचकीत पिशव्यांचा गठ्ठा बॅगेत सापडला तर विमानतळावरच अडकाल. वह्या वजनाला जड, आणि तिथे रिव्हर रोडच्या बाजूला घाऊक दुकानांत सहज मिळतात.

६० मुलांना लागतं ते असं: ४८ पानी वह्या १२०, पेन्सिली २०० (निम्म्या हरवतात), खोडरबर ६०, शार्पनर गटाला दोन आणि ते दोरीनं टेबलाला बांधलेले, मनिला कागद ४० ताव, खडूचे ६ डबे, मार्कर १२. अवयव-कार्डं ४ बाय ६ सेंटिमीटर, पाच स्वर गुणिले दहा व्यंजनं म्हणजे ५० चा संच, खालच्या दोन गटांना प्रत्येकी तीन संच.

गोष्टींची पुस्तकं विकत घ्यायची गरज नाही. 'आफ्रिकन स्टोरीबुक' आणि प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर मुक्त परवान्याच्या गोष्टी किस्वाहिलीत आणि इंग्रजीत आहेत, पातळीवार लावलेल्या. चार पातळ्या, प्रत्येकी दहा गोष्टी, प्रत्येकीच्या दोन प्रती. ए५ आकारात छापून मधे दोन टाचण्या. पातळी बघून छापा, 'पहिली पातळी' म्हणून आलेल्या काही गोष्टीतही लांबलचक शब्द असतात.

बक्षिसं रोज नकोत. पहिल्या दिवशी काही वाटलंत की दुसऱ्या दिवशी तेवढ्यासाठी दुप्पट गर्दी येते आणि घरच्या वेळी ढकलाढकली होते. वही-पेन्सिल शेवटच्या दिवशी, यजमान शाळेच्या मुख्याध्यापकांच्या हातून.

पैसे स्वतःच्या एम-पेसावर (मोबाइलवरच्या पैशांच्या खात्यात) गोळा करू नका. यजमान संस्थेचं पेबिल किंवा टिल (संस्थेच्या नावाचा एम-पेसा क्रमांक), आणि रोजचा हिशोब दोन सह्यांनी. भारतातला एखादा ट्रस्ट मदत करतो म्हणत असेल तर त्यांच्या सीएला आधी विचारायला लावा. धर्मादाय ट्रस्टनं भारताबाहेर खर्च केला तर प्राप्तिकराची सवलत मिळायला केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची मंजुरी लागते. वैयक्तिक देणगी सोपी.

पार्कलँड्सचा_मास्तर

शेवटचं: दहाव्या दिवसानंतर काय करायचं? पुढची सुट्टी थेट नोव्हेंबरात, तेव्हा आमची शाळा चालू.

पाटीपेन्सिल

दहाव्या दिवशी सकाळी ब नमुन्याची चाचणी, तपासनीस अदलाबदल करून, म्हणजे कुणी आपल्याच गटाला झुकतं माप देणार नाही. निकाल एका पानावर: मुलाचं नाव, आधीची पातळी, आताची पातळी. ते पान यजमान शाळेकडे जातं, तुमच्या फोनमध्ये राहत नाही.

काड्या, कार्डं, गोष्टी सगळं शाळेत ठेवा, आठ डब्यांत, गटावार चिठ्ठी लावून. कपाट कुलपात आणि किल्ली मुख्याध्यापकांकडे अशी सोय झाली की ते डबे पुढच्या ऑगस्टपर्यंत उघडत नाहीत, म्हणून किल्ली त्या दोन स्थानिक तरुणांपैकी एकाकडे असावी. नोव्हेंबरचं शिबिर त्यांनीच घ्यायचं, तुम्ही फक्त शनिवारी. त्यांचं १० दिवसांचं भाडं आणि जेवणाचा शिधा ऑगस्टच्याच अंदाजपत्रकात वेगळा काढून ठेवा. नंतर गोळा करू म्हटलेलं गोळा होत नाही. दरम्यान शनिवारी दोन तास, फक्त खालच्या दोन गटांसाठी. वरचे दोन गट गोष्टींच्या पेटीवर सोडले तरी चालतात, त्यांना पुस्तक घरी न्यायची नोंदवही तेवढी द्या.